थिसलबर्नहून आलेली सुपारी

एक

कोरगावच्या बाबाजींच्या घरी देवाची पेटी उघडली गेली, तेव्हा तीत देव नव्हता.

पेटी पितळेची, वीतभर लांब, झाकणाला कडी असलेली. आत तांबड्या खणावर रांगता बाळकृष्ण बसलेला असे. मूर्ती अंगठ्याएवढी, पंचधातूची. उजव्या हातातला लोण्याचा गोळा पिढ्यापिढ्यांच्या अभिषेकाने झिजून मोहरीएवढा उरला होता. मूर्तीच्या जागी आता मूठभर अक्षता होत्या आणि अक्षतांवर एक अख्खी सुपारी, कुंकू लावलेली.

बाबाजी आणि त्यांच्या पत्नी देवकीबाई हे दांपत्य इंग्लंडातल्या थिसलबर्न नावाच्या खेडेगावात आपल्या एकुलत्या लेकीकडे, सुविधाकडे, दोन महिने राहून आदल्याच संध्याकाळी मोपाच्या विमानतळावर उतरले होते. देवाच्या पूजेत खंड नको म्हणून देवकीबाईंनी देव सोबत नेला होता आणि सोबतच परत आणला होता. निदान घरातल्या सर्वांची तशी समजूत होती.

मला हे कळले ते आठवड्याने. मी साखळीस राहतो. शाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले. बाबाजींच्या घरची श्रावणातली पूजा बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. कुणाची वस्तू हरवली, भावकीत तंटा झाला, की लोक मला बोलावतात. मी प्रश्न विचारतो आणि उत्तरे शेवटपर्यंत ऐकतो. याहून अधिक काही मला येत नाही.

"गुरुजी, एकदा येऊन जा," बाबाजी दूरध्वनीवर म्हणाले. "आमचो देव चोरीक गेलो."

"पोलिसांना कळवलंत?"

"कसा कळवू? चोर कोण ते मला ठाऊक आहे. जावई आमचो."

दोन

कोरगावात पोहोचलो तेव्हा खाजणातल्या, खाडीकाठच्या शेतांत भात हिरवे झाले होते. बाबाजी घरापुढच्या ओसरीत, बाल्कांवातल्या दगडी बाकावर बसले होते. उंच, काळासावळा माणूस. वीजखात्यात खांबांवर चढण्यात उमेद गेली, त्यामुळे अजूनही मान वर करून बोलतात. शेजारी पानाचा डबा आणि हातात मोबाईल.

"तिसलबनात आज पाऊस आहे," मला पाणी विचारण्याआधी ते म्हणाले. मग ओशाळून मोबाईल उपडा ठेवला. "सवय लागली बघायची. मोडेल आता."

"कसा आहे गाव?"

"गाव केवढा? आपला एक वाडा. दगडी घरं, सगळी मधाच्या रंगाची. ओढ्यावर पूल, पुलाखाली बदकं. एकच दुकान, टपालही तोच दुकानदार बघतो. आणि संध्याकाळ म्हणून जी सुरू होते ती संपत नाही, गुरुजी. जेवून हात धुतले तरी बाहेर उजेड. पहिले काही दिवस मला झोप येईना. मग त्या उजेडात पुलावर जाऊन बसायला लागलो." एवढे बोलून ते समोरच्या माडांकडे पाहत राहिले.

"हिंडलात कुठे?"

"जावयाने, प्रवीणने हिंडवलं. खोटं कशाला बोलू? जवळच एक पडका मठ आहे. छप्पर नाही, नुसत्या कमानी, आत गवत. तिकीट काढून लोक ते गवत बघतात. पाणचक्की बघितली, ती अजून पीठ दळते. इगर्जीच्या, तिथल्या चर्चच्या आवारातलं फार जुनं झाड बघितलं, आत पोकळ, माणूस उभा राहील एवढं. टेकडीच्या पायथ्याशी एक झरा आहे, त्याला दगडी कुंड. एक म्हातारी रोज सकाळी काठी टेकत येते आणि कुंडावर फुलं ठेवून जाते. सुविधाला म्हटलं, विचार गे तिला, झरा कुठल्या देवाचा? म्हातारी म्हणते कशी, मला ठाऊक नाही, माझी आई ठेवायची."

"देवकीबाई काय म्हणाल्या?"

"ती काय म्हणणार? तिने म्हातारीचा हात धरला तो सोडीचना. एकीची भाषा एकीला कळत नाही आणि दोघी उभ्या. मला थंडी वाजत होती, त्याचं कुणाला काय." त्यांनी पान उलगडले. "हिचं सगळंच जगावेगळं. लोक इंग्लंडहून काय काय आणतात. हिने सबंध मुक्कामात एक वस्तू घेतली. काय? मातीची कुंडी. तीही लेकीकडेच ठेवून आली. म्हटलं, अगे, म्हापशाच्या बाजारात असल्या कुंड्या वाटेवर मांडतात."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तिने कुंडी घेतली त्याच बाजारात सुरुवात झाली, गुरुजी. गावच्या सभागृहात जुन्या वस्तू विकायला मांडल्या होत्या. प्रवीणने एका पांढऱ्या मिशीवाल्या गोऱ्याला मोबाईलवर आमच्या देवाचा फोटो दाखवला. गोऱ्याने भिंग लावलं. म्हणाला, फार जुना आहे, जपा. निघायच्या दिवशी बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून प्रवीणनेच ती पुन्हा भरली. पेटी त्याच्या हातात होती, मी या डोळ्यांनी बघितली."

"त्याला विचारलंत?"

"विचारायचं काय? सांगितलं. देव परत पाठव, नाहीतर माझ्या दारात पाय ठेवू नको. तो म्हणाला, मग चवथीला आम्ही येत नाही. संपलं."

सुविधा लग्नानंतर परदेशी गेली ती गणपतीच्या एकाही चवथीला घरी आलेली नव्हती. यंदा तिकिटे काढली होती. आतल्या दारापाशी बांगड्यांचा आवाज होत होता तो या वाक्यासरशी थांबला.

बाबाजींनी आवाज खाली आणला. "आणखी एक. आम्हाला मुलगा नाही. देव घराण्याचा, तो लेकीबरोबर जात नाही. या गोकुळाष्टमीला तो पुतण्याकडे, दत्तप्रसादकडे पाठवायचा शब्द दिलाय मी. अष्टमी तोंडावर आली. आता त्याच्या हातावर काय ठेवू, सुपारी?"

"पेटी उघडली कुणी?"

"हिनेच. खणाची गाठ सोडली, झाकण उघडलं, बघितलं. गेली तशीच मागल्या दारी, पुन्हा आंघोळ करून आली, आणि मगच त्या सुपारीला हात लावला. पंचामृताने न्हाऊ घातलं तिला. डोळ्यांतून टिपूस नाही. मला त्या दिवसापासून घास उतरत नाही, आणि ही सुपारीला नैवेद्य दाखवते नि जेवते. मी एवढी वर्षं खांबावरच्या तारा ओळखल्या, गुरुजी, पण हे माणूस काही कळलं नाही."

मी पेटी पाहायला मागितली.

तीन

देवकीबाई लहानखुऱ्या, कमी बोलणाऱ्या. पेटी हातात देण्याआधी त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले.

"पाय धुतलेत ना, गुरुजी?"

मी मागल्या दारी जाऊन पाय धुऊन आलो. देवघरात इतर देव आपापल्या जागी होते. मधल्या चौरंगावर, बाळकृष्णाच्या जागी, सुपारी होती. तिला ताजे गंध, तुळशीचे पान, समोर लोण्याची वाटी. पेटीतल्या अक्षता त्यांनी टाकल्या नव्हत्या. खाली आसनासारख्या पसरल्या होत्या.

मी वाकून पाहिले. कोरगावचे तांदूळ जाड आणि तांबूस. खाऱ्या पाण्याला तोंड देणारे खाजणातले भात ते. या घरच्या अक्षता मी वर्षानुवर्षे हातात घेतलेल्या आहेत. चौरंगावरचा दाणा पांढरा, लांबट आणि सुईसारखा बारीक होता.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि दत्तप्रसाद आला. साखळीत पर्यटकांची गाडी चालवणारा, चाळिशीतला, पोट सुटलेला, हसरा माणूस. हातात पावांची पिशवी. वाटेत पोदेर, पाववाला, भेटला म्हणे.

"गुरुजी, पयलीं म्हाका आरोपी करा," तो बसता बसता म्हणाला. "मागीर च्या घेंवया."

"करण्यासारखं आहे काही?"

"नाही कसं? मोपाहून ह्यांना मीच आणलं. धारगळला चहाला थांबलो तेव्हा बॅग माझ्या डिकीत. काका-काकी चहा पीत होते, मी गाडीशी एकटा. देव मला हवा होता. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"हवा होता?"

त्याने आतल्या दाराकडे एक नजर टाकली. "काकांनी शब्द दिला, म्हणजे हवा. तीन खोल्यांचं घर आमचं, गुरुजी. देव्हारा गॅसच्या वर. बायको म्हणते, पिढ्यांचा देव आणून त्याला सुक्या बांगड्याचा वास द्यायचा काय? पण काकांना नाही कोण म्हणणार? तुम्ही म्हणता?"

"दत्ता सुटला," मी बाबाजींना सांगितले. "अक्षता इथल्या नाहीत. हा लांब दाणा परदेशातल्या स्वयंपाकघरातला आहे. धारगळला गाडीच्या डिकीत असे तांदूळ कुठून येणार? अदलाबदल झाली ती थिसलबर्नलाच."

"तेच तर मी म्हणतोय," बाबाजी ताडकन म्हणाले. "प्रवीणच."

माझे मन मात्र तिथे थांबेना. चोर जागा रिकामी टाकून जातो. फार तर वजन जाणवावे म्हणून दगड ठेवतो. इथे कुणीतरी आसन मांडले होते, कुंकू लावले होते. देवाचे स्थान रिते राहू नये ही काळजी ज्याला होती, त्याने देव विकला असेल?

"सुविधाला फोन लावा," मी म्हणालो. "आणि जावयांना समोर बसवायला सांगा."

चार

मोबाईल मेजावर तांब्याला टेकवून उभा केला. सुविधा सकाळची पाळी करून नुकतीच आली होती. वृद्धांच्या शुश्रूषागृहात ती काम करते. चेहरा ओढलेला, डोळे आईचे. मागे स्वयंपाकघर, खिडकीत उजेड, खिडकीबाहेर मधाच्या रंगाची भिंत. प्रवीण खुर्ची ओढून बसला. बाबाजी बाकावर पाठ करून बसले, पण मोबाईलच्या आवाजाच्या टप्प्यातच.

"प्रवीणराव, फोटो कशाला दाखवलात?"

"कौतुकाने, गुरुजी. तिथे लोक आजोबांच्या चहाच्या किटल्या मिरवत होते. मला वाटलं, आमच्याकडेही काही आहे म्हणावं. एवढाच अपराध."

"आणि पेटी?"

"पेटी आईंनी खणात बांधून, गाठ मारून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, उभी ठेवा, आडवी नको. मी उभी ठेवली. गाठ सोडली असती तर त्यांच्यासारखी मारता आली असती काय मला?"

"पूजेत सुपारी कशासाठी मांडतात, ठाऊक आहे?"

इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटले. "गुरुजी, लग्नात तुम्ही माझ्या हातात सुपारी दिलीत तेव्हा मी काय केलं, विसरलात?"

मी विसरलो नव्हतो. गणपती म्हणून पुजायची सुपारी वराने तोंडात टाकली होती आणि सबंध मांडव हसला होता. बाकावरून, पाठमोऱ्या बाबाजींकडून, खोकल्यासारखा एक आवाज आला. तो खोकला नव्हता, दाबलेले हसू होते. या माणसाला सुपारीवर देव बसवता येईल, हे मानायला मी तयार नव्हतो.

सुविधाने पदराऐवजी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. "मी सांगू, गुरुजी? आईने मला विचारलं होतं. देव तुझ्याकडे ठेवू काय, म्हणून. मी नाही म्हटलं. माझ्या पाळ्या अशा. देवाला उपाशी ठेवायचं, मग मनाला खात राहणार. मला जमत नाही, आई, म्हटलं. ती काही बोलली नाही. तेव्हा हो म्हटलं असतं तर हे झालं नसतं, असं सारखं वाटतं."

"बाबा घरी तुझी फार आठवण काढतात," मी म्हणालो.

"मला ठाऊक आहे. पुलावर बाबांच्या सोबतीला असायचा तो माणूस अजून विचारतो, वडील कधी येणार. त्यांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, रोज शेजारी बसायचे." तिने मोबाईल उचलला. "एक चांगलं दाखवते तुम्हाला. आई, तूही बघ. तुळस."

खिडकीच्या कट्ट्यावर रुंद तोंडाची, जाड मातीची कुंडी होती. तीत हातभर उंच तुळस, नव्या पोपटी पानांनी भरलेली. परमुलखातल्या त्या निवळ उजेडात ती आपल्या दारची वाटत होती.

"सबंध हिवाळा नुसती काटकी होती. निघायच्या आदल्या दिवशी आईने नव्या कुंडीत लावून दिली. तेव्हापासून बघा."

"पाणी रोज घालतेस?"

"ते मात्र चुकत नाही. तिने शपथ घातलीय. पाळी कसलीही असो, आंघोळ करून, तांब्याभर, बुंध्याशी, सावकाश. मुलासारखं न्हाऊ घाल म्हणाली. ती पाच मिनिटं दिवसातली तेवढी माझी. पाणी घालताना वाटतं, आई मागे उभी आहे."

मी देवकीबाईंकडे पाहिले. त्या आतल्या दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. लेकीचा चेहरा पडद्यावर परत आला होता, पण त्या लेकीकडे पाहत नव्हत्या. मोबाईलच्या कोपऱ्यात कुंडीची कड तेवढी दिसत होती. त्यांचे हात पदराखाली जोडलेले होते.

पाच

कोरगावात संध्याकाळ थांबत नाही. दिवा लावायला घ्यावा तोवर माडांचे काळे खांब होतात. देवकीबाई मागल्या दारच्या वृंदावनापाशी निरांजन ठेवत होत्या. त्या वृंदावनाच्या पोटात, जुन्या पद्धतीप्रमाणे, एक कोनाडा आहे आणि कोनाड्यात दगडी कृष्ण. तुळशीच्या मुळाशी तो राहतो, हे या घरात कुणाला शिकवावे लागत नाही.

"देवकीबाई," मी म्हणालो, "त्या दिवशी पेटी उघडलीत तेव्हा तुम्ही आंघोळ करून आलात आणि मग सुपारीला हात लावलात."

"हो."

"सगळ्यांनी पाहिली ती नुसती सुपारी. कुंकू तर ओटीच्या सुपारीलाही लागतं. चोराने जागा भरायला ठेवली असेल, असंही कुणी म्हटलं असतं. तिच्यात देव आहे हे वरून दिसत नाही. ते ज्याने आवाहन केलं त्यालाच ठाऊक असतं. तुम्हाला ते पाहताक्षणी कसं कळलं?"

त्यांनी वात नीट केली.

"खणाची गाठ तुम्ही मारलीत, तुम्हीच सोडलीत. मध्ये कुणी सोडली नाही. देव गेला म्हणून तुम्ही रडला नाहीत, जेवण टाकलं नाहीत. सबंध मुक्कामात एक कुंडी घेतलीत. आणि जी लेक देव नको म्हणाली तिला शपथ घातलीत ती पाण्याची. आंघोळ करून, बुंध्याशी, मुलासारखं."

निरांजनाची ज्योत स्थिर झाली.

"मला कुणी विचारलंच नाही, गुरुजी," त्या म्हणाल्या. "जावयाला विचारलं, दत्ताला विचारलं, विमानतळावर फोन लावून विचारलं. देव माझ्या हातचा, आणि मला नाही विचारलं."

त्या वृंदावनाच्या पायरीवर बसल्या. नंतर जे बोलल्या ते थांबत थांबत.

"लेक नको म्हणाली ते खरंच होतं. पहाटे काळोखात जाते, परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते, येते ती आडवी होते. तिला देव देणं म्हणजे आणखी एक काम देणं. पण मी बघितलं, त्या वाळक्या काटकीला पाणी घालताना ती उभी राहायची. दोन मिनिटं का होईना, कुठे धावायची नाही. मग ती झऱ्यावरची म्हातारी भेटली. तिला ठाऊक नाही झरा कुणाचा, पण फूल चुकत नाही. मी म्हटलं, माझ्या लेकीला तरी कशाला ठाऊक असायला हवं? म्हणून नव्या कुंडीत, तुळशीच्या मुळाशी त्याला ठेवला. तिचं पाणी त्याला पोचलं म्हणजे झालं. तुळशीचं पान आणि पाणी, त्याला याहून काय लागतं?"

"आणि सुपारी?"

"पेटीतलं आसन रिकामं ठेवून कशी येऊ? ह्यांच्या पानाच्या डब्यातली घेतली, लेकीच्या डब्यातले तांदूळ घेतले. तुम्ही गणपतीला आवाहन करता ते ऐकून ऐकून पाठ आहे, तसंच केलं. पण मूर्तीतून ऊठ म्हणायला जीभ वळेना." त्यांनी कोनाड्याकडे पाहिले. "दोन्हीकडे राहा, म्हटलं. चुकलं काय?"

मी आयुष्यभर विधी शिकवला. आवाहनाला विसर्जनाची जोड असते हे मुलांकडून घोकून घेतले. त्या पायरीपाशी उभा असताना त्यातले एकही वचन मला त्यांच्यासमोर ठेवण्याजोगे वाटले नाही.

"चुकलं ते एवढंच, की जावयावर आळ आला तरी तुम्ही गप्प राहिलात."

"माझ्या मनात देव गेलेलाच नव्हता, गुरुजी. चोरी हा शब्द ह्यांच्या तोंडून आला तेव्हा मला कळेना, कशाची? मला वाटलं होतं दोन दिवस कुरकुर करतील, मग सुपारीला फूल वाहतील. आणि कळलं तोवर हे जावयाला बोलून बसले होते." त्यांनी निरांजन कोनाड्याजवळ सरकवले. "आता सांगितलं, तर हे देव मागे मागवतील. दत्ताला शब्द दिलाय. नाही सांगितलं, तर चवथीला माझी पोर येणार नाही. तुम्हीच सांगा, मी कुठे जाऊ?"

ते माझ्या सांगण्याचे नव्हते.

त्या पायरीवरून उठल्या. "उद्या मी सांगते. तुम्ही नुसते बसा. पण सुविधाला नाही कळू द्यायचं. कळलं की त्याचं ओझं होईल."

सहा

दुसऱ्या दिवशी देवकीबाईंनी बाल्कांवात येऊन, उभ्यानेच, सगळे सांगितले. दत्तप्रसादही आला होता. त्यांनी काही वगळले नाही आणि रडल्याही नाहीत.

बाबाजी ऐकत होते. पान हातात तसेच राहिले. बोलणे संपल्यावर देवकीबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि भिंतीला टेकल्या.

"म्हणजे मातीत," बाबाजी शेवटी म्हणाले.

"तुळशीच्या मुळाशी," देवकीबाई म्हणाल्या.

"आणि ती रोज..."

"रोज. आंघोळ करून."

दत्तप्रसाद खाकरला. "काका, शब्दाचं मनावर घेऊ नका. ही सुपारी आहे ना, ती तुमच्यानंतर मला द्या. काकीने बसवलेला देव तो. त्याला गॅसच्या वरही चालेल, बायकोला मी समजावतो." मग माझ्याकडे वळून हळूच, "चालेल ना, गुरुजी?"

"चालेल," मी म्हणालो. "त्यात देव आहे, हे या घरात सर्वांत आधी ज्यांना कळलं त्यांच्या साक्षीने सांगतो."

बाबाजींनी मोबाईल उचलला. सवयीने आधी तिथले हवामान पाहिले. "आज ऊन आहे," कुणाला उद्देशून नव्हे, असे म्हणाले आणि फोन लावला. तिथे सकाळ होती, आणि सुविधाला सुटी. फोन प्रवीणने घेतला. सासऱ्याचे तोंड पाहून तो सावरून बसला.

"देव गावलो," बाबाजी म्हणाले.

"खंय?"

"आसलो थंयच." त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला. "प्रवीण, म्हज्या तोंडांतल्यान वायट उतर गेलें. मनांत धरूं नाका. चवथीक येयात. सगळीं येयात."

प्रवीणने मान हलवली आणि मोबाईल खिडकीपाशी नेऊन ठेवला. "ती तुळशीकडे आहे. बोला तिच्याशीच."

सुविधाचे केस ओले होते. हातात तांब्या. मागे निरभ्र आकाश, पुलाचा एक तुकडा, आणि खिडकीत ती कुंडी.

"बाबा? राग गेलो?"

मोबाईल मेजावरच्या तांब्याला टेकवून बाबाजी बाकावरून उठले. उन्हे उतरलेल्या त्या बाल्कांवात त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, पायानेच एका बाजूला सारल्या, आणि मोबाईलसमोर सरळ उभे राहिले. घरच्या रोजच्या पूजेला सबंध आयुष्यात कधी बसले नव्हते ते.

"बाबा, उठले कित्याक? खंय वतात?"

"खंय ना गे," ते म्हणाले. "घाल तूं उदक. सवकास घाल."

देवकीबाई भिंतीपासून निघून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. तांब्या कलला, आणि थिसलबर्नचे पाणी बुंध्याशी उतरताना आम्ही सारे पाहत राहिलो.